आजोबांनी मान हलवली होती

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी घरातले सगळे हिशेब एका बैठकीत उरकते. वीज, गॅस, सोसायटी, शाळेची बस, कामाच्या ताईंचा पगार. त्या रविवारी यादी लवकर संपली, म्हणून अण्णांच्या खात्याचं काम हातात घेतलं. ते मी एरवी तीन महिन्यांतून एकदा करते. अण्णा म्हणजे माझे सासरे. दहा वर्षांपासून ते विश्रांतवाडीला आमच्याकडे राहतात.

त्यांच्या फोनवर खात्याचा उतारा उघडला. औषधांचं दुकान, भाजीवाला, केशकर्तनालय. मध्येमध्ये एक इंग्रजी नाव परत परत येत होतं. एकोणनव्वद, एकशे एकोणसाठ, पुन्हा एकोणनव्वद, बऱ्याचदा चारशे एकोणपन्नास. आधी वाटलं, औषधांचं नवं ॲप असेल. मग ते नाव ओळखीचं वाटलं. आमची मुलगी खेळते त्या गेमचं नाव. मी मोजलं, एक्केचाळीस वेळा. एकूण रक्कम बारा हजारांच्या आसपास.

आता इथे मला धक्का बसला असं लिहायला हवं. बसला नाही. मी वहीच्या समासात ४१ लिहिलं, त्याला गोल केला आणि पेनाला टोपण लावलं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, तो पाण्याचा आवाज ऐकत मी थोडा वेळ बसून राहिले.

मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. घरात तिला आम्ही कौतुकानं ‘आजोबांची कॅशियर’ म्हणायचो. अण्णांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून दुकानात ते फोन तिच्या हातात द्यायचे, पिनसकट. पिन कुणाला सांगू नये हे मला माहीत होतं. तरी घरच्या कामांच्या यादीत मीच लिहिलं होतं, ‘आजोबांचे पेमेंट’ आणि पुढे तिच्या नावाचं पहिलं अक्षर. मुलांच्या हातात जबाबदारी द्यावी, पैसा कसा जातो ते त्यांना दिसावं, असा माझा विचार होता.

फ्रिजवर गेमचे नियम लावलेले होते. दिवसाला एक तास. अनोळखी माणसाशी गप्पा नाहीत. मोठ्यांना विचारल्याशिवाय खर्च नाही. अभ्यास आणि जेवण आधी. छापील, लॅमिनेट केलेले. हाच कागद मी शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवला होता. त्यानंतर तो पालकांच्या ग्रुपवर बरेच दिवस फिरत होता आणि लोक खाली अंगठे देत होते.

मी नवऱ्याला बोलावलं. त्यानं उतारा पाहिला आणि मुलीला हाक मारली.

“हे काय आहे?”

तिनं वाकून पाहिलं. “माझ्या गावातलं सामान.” त्या गेममध्ये प्रत्येकाचं एक गाव असतं. तिच्या गावात तळं होतं, झुलता पूल होता, बदकं होती.

“कुणाला विचारून घेतलंस?”

“आजोबांना.”

“एक्केचाळीस वेळा?”

“दर वेळी. नियम तीन. आई, आहे ना नियम तीन? मी विचारलं.”

“आणि अण्णा हो म्हणाले.”

“हो म्हणजे... मान हलवली.”

“हे बघ, चोरी केलीस ती केलीस, वर खोटं बोलू नकोस.”

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती रडली नाही. “विचारून घेतलं तर चोरी कशी?” एवढंच म्हणाली. अण्णा तिथून दहा पावलांवर बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. नवऱ्याचा आवाज चांगला चढलेला होता, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, नातीच्या बाबतीत मध्ये पडायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतंय. समंजसपणा आहे.

त्या दिवशी तिनं स्वतःच गेम काढून टाकला. टॅब आणून माझ्या टेबलावर ठेवला. शिक्षा किती दिवसांची, असंही विचारलं नाही. मी काही समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाली, “ते सगळं ओके आहे, आई. फक्त बाबाला सांग की मी विचारलं होतं.” सोमवारी सकाळी बसची वाट बघताना पुन्हा तेच. “सांगितलंस?” मी म्हटलं, “बघते.” बस आली आणि ती गेली. तिला पैसे, गेम, बदकं यातलं काहीच परत नको होतं. आपण खरं बोललो हे घरानं मानावं, एवढंच हवं होतं. आणि मला ते मानता येत नव्हतं, कारण एक्केचाळीस वेळा हो म्हणणारा माणूस मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हता.

सोमवारी खराडीच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत मी पैसे परत मागण्याचा अर्ज उघडला. अर्ज भरणं मला आवडतं. पहिली पाच उत्तरं दोन मिनिटांत भरून झाली. सहावा प्रश्न होता, ‘हे व्यवहार खातेधारकाच्या परवानगीशिवाय झाले आहेत का?’ खाली दोन गोल. हो आणि नाही.

‘हो’ म्हटलं तर पैसे मिळण्याची शक्यता होती. पण मग मुलगी खोटी पडत होती, आणि तीही माझ्या हातानं. शिवाय उत्तर अण्णांच्या फोनवर येणार, आणि त्यांच्या फोनवर आलेलं सगळं तीच वाचते. ‘नाही’ म्हटलं तर अर्जाला काही अर्थच राहत नव्हता. मी दोन्हीपैकी काही न करता लॅपटॉप बंद केला आणि डबा खाल्ला. शेजारी जेवायला बसलेली सहकारी म्हणाली, “आज अळणी झालीये का भाजी?” मला कळलंच नव्हतं. मीठ घालायचं राहिलं होतं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी अण्णांच्या पुढ्यात उभी राहिले, फोन दाखवला आणि मोठ्यानं विचारलं, “तिनं तुम्हाला विचारलं होतं का? गेमसाठी पैसे घेऊ का म्हणून?”

त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग मुलाकडे. “हो. विचारलं. मी मान हलवली.”

“अण्णा, कशाचे पैसे ते तरी कळलं होतं का तुम्हाला?” नवरा म्हणाला.

“माझे पैसे, मला नको कळायला? तुला बॅट आणली तेव्हा मी कुणाकडे अर्ज केला होता?”

नवऱ्याला ते पटलं नाही. आत आल्यावर म्हणाला, “पाठीशी घालतायत. आता दोघं झाले.” म्हणजे मुलीचा काहीच फायदा झाला नाही. उलट घरात एक खोटं बोलणारी होती, तिथे दोन झाले.

बुधवारी मी घरून काम करते. अडीच वाजता मुलगी शाळेतून आली, हातपाय धुतले, ताट घेतलं आणि हॉलमध्ये अण्णांच्या खुर्चीशेजारी बसली. तिथे बसून शाळेतलं सगळं त्यांना सांगायचं हे रोजचं होतं. मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये असते, त्यामुळे मी ते नुसतं दुरून ऐकलेलं. त्या दिवशी मीटिंग रद्द झाली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलं.

ती बाजूला बसून, ताटाकडे बघत बोलत होती. बसमधल्या भांडणाचं, विज्ञानाच्या बाईंचं. अण्णा मधूनमधून मान हलवत होते. अगदी जिथे हलवायला हवी तिथे. मी त्यांच्या खुर्चीच्या मागे होते. म्हटलं, “अण्णा, चहा टाकू?” काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग मी हातातलं स्टीलचं झाकण ओट्यावर मुद्दाम आपटलं. मुलगी दचकली आणि तिनं वर पाहिलं. तिनं पाहिलं म्हणून अण्णांनी पाहिलं. मी दिसले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

चार वाजता ती गणिताच्या क्लासला गेली. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले.

“अण्णा, किती ऐकू येतं?”

“समोर असलीस की येतं.”

“आणि बाजूनं?”

“बाजूनं बोलणारे कामाचं बोलत नाहीत.”

“अण्णा.”

मग ते सांगायला लागले. आयुष्य त्यांचं कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवण्यात गेलं. बंब, घंगाळी, हंडे. भांडं घडून झालं की त्याच्या अंगावर हातोडीनं ओळीत ठोके घालत जायचं, एकाला लागून एक, हजारो. एका खोलीत चार माणसं ते करत असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचा प्रश्नच नसे. “समोरचा तोंड हलवताना दिसला की आपण मान हलवायची. म्हणजे काय, तर दिसलास बाबा, चालू दे तुझं. हो म्हटलं असं नाही. तिथे सगळ्यांना हे ठाऊक असायचं. कुणी हो धरून चालायचा नाही.”

“इथे कुणाला ठाऊक नाही, अण्णा.”

“इथे ठोके नाहीत ना. इथे मला बरं ऐकू येतं असंच सगळ्यांना वाटतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर? फोन गेला असता. एकटा रस्ता ओलांडू नका म्हणाली असतीस. कागदावर लिहून लावलं असतंस.”

खरं होतं. लावलं असतं.

मी बसल्या बसल्या आठवत गेले. गेल्या काही वर्षांत मी त्यांना काय काय सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. गोळी बदलली आहे. सोमवारी गॅसवाला येणार. माझी आई गेली त्या सकाळीही मी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं होतं, आई गेली, मी निघते. त्यांनी मान हलवली होती, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं होतं. मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं?

“म्हणजे परवानगी नव्हती,” मी म्हटलं. मला अर्ज दिसत होता.

“पोरीनं विचारलं होतं. तिचं विचारणं खरं. माझी मान खोटी. ह्या दोन गोष्टी झाल्या. तुझ्या कागदावर दोन रकाने आहेत का?”

“आहेत, पण एकाच प्रश्नाचे.”

“मग भरू नकोस. माझ्या नावानं तिला खोटं पाडायचं नाही.”

“तिला कोणीतरी खरं सांगायला हवं.”

“कोणीतरी म्हणजे मी. एवढं कळतं मला.”

ती क्लासहून आली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. “इथे बस. बाजूला नाही, समोर.” ती बसली, दप्तर पाठीवरच.

“तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“तू तळ्याचं विचारलंस, बदकांचं विचारलंस. विचारतेयस हे दिसलं. काय विचारतेयस ते ऐकू आलं नाही. मी मान हलवली.”

“तेव्हाच फक्त?”

“नाही.”

“शाळेतलं मी सांगते ते? रोजचं?”

अण्णांनी या वेळी मान हलवली नाही. “नाही आलं,” म्हणाले.

“एकही नाही? बसमधलं पण नाही? ती माझ्याशी बोलत नाही ते?”

“कोण बोलत नाही?”

ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. अण्णा म्हणाले, “तोंडावरून कळायचं मला. दिवस बरा गेला का वाईट.”

“ओके,” ती म्हणाली. उठून तिनं दप्तर काढलं, पाणी प्यायली, ग्लास धुऊन पालथा ठेवला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही आणि मान वळवून पाहिलंही नाही. माझा हात कुठे ठेवायचा ते मलाच कळेना, म्हणून मी तो काढून घेतला.

मग म्हणाली, “आई, तो अर्ज दाखव.” मी सांगितलं नव्हतं. तिनं बहुतेक टेबलावर उघडा पाहिला असावा. तिनं सहावा प्रश्न दोनदा वाचला.

“‘हो’वर टिक कर.”

“हो म्हणजे परवानगीशिवाय, असं होतं.”

“कळतंय मला. नव्हतीच ना परवानगी. पण मी विचारलं होतं. ते लिहायला जागा आहे?”

खाली ‘अधिक माहिती’ म्हणून एक चौकोन होता, दोनशे अक्षरांचा. तिनं सांगितलं, मी टाइप केलं. ‘मुलीने विचारले होते. आजोबांना ऐकू आले नव्हते. दोघेही खोटे बोलत नाहीत.’ “बसलं?” “बसलं. जागा उरली.” “असू दे.” अण्णांच्या समोर बसून मी ते वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या बोटानं अर्ज पाठवला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “असं आहे होय,” आणि मग कानाच्या डॉक्टरांची चौकशी करू लागला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

पुढच्या रविवारी मी नियम तीन बदलला. ‘विचारायचं’ हा शब्द अपुरा होता. आता तिथे असं आहे: समोर उभं राहायचं. काय घ्यायचं आणि कितीचं ते सांगायचं. ज्याला विचारलं त्यानं रक्कम आपल्या तोंडानं परत म्हणायची आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं. मान चालणार नाही. पिनही बदलला, तो आता अण्णा स्वतः टाकतात. चष्मा दोरीनं गळ्यात असतो, त्याबद्दल ते मला रोज एक वाक्य ऐकवतात. गेमसाठी तिला महिन्याला ठरावीक रक्कम दिली. ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत काही नाही. पालकांच्या ग्रुपवर मी सुधारलेला कागद टाकला. एकीनं विचारलं, रक्कम परत कशाला म्हणायची? मी लिहिलं, अनुभव. यापलीकडे काही लिहावंसं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी तिनं गेम परत घेतला. महिन्याची रक्कम संपल्यावर एकदा ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

“आजोबा, एकशे एकोणपन्नास रुपये. घोड्याला पंख.”

“एकशे एकोणपन्नास. पंख.” त्यांनी विचार केला. “आहे त्या घोड्याचे पाय मोडलेत का?”

“नाही.”

“मग चालू दे त्याला.”

“आजोबा, सिरीयसली, सगळ्यांचे घोडे उडतात.”

“मग खाली रस्ता मोकळा असेल.”

ती पाय आपटत गेली. मी आतून ऐकत होते. चाळीस वेळांहून अधिक मान हलली होती, त्यानंतर हा पहिला नकार होता, आणि तो तिनं मानला. यादीवर खूण करण्यासारखी गोष्ट होती. मी केली.

शाळेतलं ती आता त्यांना सांगते, पण थोडं सांगते. समोर बसून, वाक्यं निवडून. पूर्वीसारखं खाता खाता वाहत नाही ते. कानाचं यंत्र यायचं आहे. आल्यावर काय होईल ते माहीत नाही. तिची ती मैत्रीण बोलायला लागली का, हे मी एकदा विचारलं. “कोण?” म्हणाली.

आणि वडिलांशी ती कामापुरतं बोलायची. सही हवी, वही हवी, बस चुकली. त्याच्या ते लक्षात आलं होतं, पण वय आहे असं म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

महिन्याभरानं पैसे आले. अलीकडचे तेवढे मिळाले, जुन्या व्यवहारांची मुदत उलटून गेली होती. उत्तरात आमच्या त्या तीन वाक्यांबद्दल एक अक्षरही नव्हतं. आठ वाजता जेवायला बसल्यावर नवरा म्हणाला, “चला, निम्मे तरी आले. झालं ते झालं.”

मुलीनं घास खाली ठेवला. “काय झालं?”

“तेच आपलं. पैशांचं.”

“तू अजून म्हणाला नाहीस, बाबा.”

“काय म्हणायचंय? विचारलं होतंस तू, ठीक आहे.”

“‘ठीक आहे’ नको.”

“मग?”

“नुसतं म्हण.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढत होते. वर पाहिलं नाही.

“तू विचारलं होतंस,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली आणि आमटीचं पातेलं पुढे ओढलं.

अण्णांनी तोंडं हललेली पाहिली होती. त्यांनी ताटावरून मान वर केली. “काय म्हणाला?”

ती पूर्ण त्यांच्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मी, विचारलं, होतं, म्हणाला.”

“एवढंच?” अण्णा म्हणाले. “आणि त्याला महिना लागला?”